विश्लेषण : चेतापेशीला वाढीची दिशा कोण देते? काहाल यांनी १३० वर्षांपूर्वी पाहिलेले आणि अजूनही पूर्ण न सुटलेले कोडे

कळमेश्वर-काटोल पट्ट्यात संत्र्याची कलमे करणारे डोळा भरताना एक गोष्ट हमखास पाहतात. जंभेरीच्या खुंटावर बसवायचा डोळा सुलटा असला पाहिजे, म्हणजे त्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. सालीच्या त्या छोट्या तुकड्यालाही वर कुठे आणि खाली कुठे हे ठाऊक असते. जीवशास्त्रात या गुणाला ध्रुवीयता म्हणतात. आपल्या मेंदूतील आणि मेरुरज्जूतील पेशींनाही हा गुण असतो. तो नसता तर डोळ्याने पाहिलेले मेंदूपर्यंत आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचलाच नसता.

या गुणाची पहिली नीट मांडणी सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने केली. त्यांना आधुनिक चेताविज्ञानाचे जनक मानतात. त्यांच्या हाती ना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता, ना प्रथिने ओळखण्याची साधने. तरीही त्यांनी विचारलेल्या प्रश्नावर आजही प्रयोगशाळांत काम चालू आहे. अपघातात मेरुरज्जूला इजा झालेला रुग्ण पुन्हा का चालू शकत नाही, याचे उत्तरही त्याच प्रश्नात दडलेले आहे.

चित्रकार व्हायचे होते, मग डॉक्टर कसे झाले?

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागॉन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन गरिबीतून वर आले होते. खेड्यात शस्त्रवैद्य म्हणून काम करता करता ते शिकत राहिले आणि पुढे सारागोसा येथे शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. मुलानेही डॉक्टर व्हावे, हा त्यांचा हट्ट होता. मुलाचा जीव मात्र चित्रांत रमलेला. कागद मिळेना तेव्हा तो भिंतीवर चित्रे काढायचा.

वडिलांनी एकदा मुलाचे चित्र गावात आलेल्या एका रंगाऱ्याला दाखवले. रंगाऱ्याने ते साफ नापास केले आणि चित्रकलेचा विषय घरापुरता संपला. शाळेतही सांतियागोचे पटले नाही. अकराव्या वर्षी त्याने घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि त्यापायी काही दिवस कोठडीत काढले. वठणीवर आणण्यासाठी वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवले.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी वेगळी युक्ती केली. ते मुलाला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले आणि तिथली हाडे दाखवून त्यांची चित्रे काढायला लावली. चित्रकला सुटली नाही आणि शरीररचनाही शिकून झाली. काहाल यांच्या पुढच्या आयुष्याचा पाया इथे घातला गेला. ते पेशीकडे पाहायचे ते चित्रकाराच्या नजरेने. नेमकी कोणती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यांना कळायचे.

क्युबाचा ताप आणि स्वतःच्या पैशांचा मायक्रोस्कोप

१८७३ मध्ये सारागोसा येथून वैद्यकीय पदवी मिळाल्यावर काहाल यांना सैन्यात भरती व्हावे लागले. त्यावेळी स्पेनच्या ताब्यातील क्युबात स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. १८७४ मध्ये सैन्याचे डॉक्टर म्हणून त्यांना तिथे पाठवले गेले. दलदलीच्या भागातील छावणीत रुग्णांवर उपचार करता करता तेच मलेरिया आणि आमांशाने खंगले. १८७५ मध्ये ते हाडांचा सापळा होऊन मायदेशी परतले.

परतल्यावर साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये त्यांच्या खोकल्यातून रक्त पडू लागले. तो क्षय होता. डोंगरातील विश्रांतीनंतर ते त्यातून बरे झाले. १८७९ मध्ये त्यांनी सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न केले. दोघांना सात मुले झाली. तुटपुंज्या पगारात सिल्वेरिया यांनी घर चालवले, म्हणूनच उरलेले पैसे रसायने आणि छपाईकडे वळू शकले.

पुढे काहाल वालेन्सिया येथे प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये तिथे कॉलराची साथ आली. त्या रोगावर त्यांनी केलेल्या अभ्यासाची दखल घेऊन सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना उत्तम दर्जाचा झाइस मायक्रोस्कोप भेट दिला. आता चांगले साधन हाती आले होते. कशाकडे पाहायचे, हे ठरायचे होते.

मेंदू म्हणजे सलग जाळे की सुट्या पेशी?

त्यावेळी शास्त्रज्ञांपुढे मोठा पेच होता. शरीरातील बाकी सगळे अवयव पेशींचे बनलेले आहेत, हे मान्य झाले होते. मेंदूत मात्र इतके बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले दिसत की कुठला तंतू कोणाचा, हे कळत नसे. बहुतेकांचे मत असे की मेंदू म्हणजे पाण्याच्या नळांसारखे सलग जोडलेले एकच जाळे आहे.

इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. असे केल्यावर शेकडो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या टोकापासून टोकापर्यंत. रंग थोड्याच पेशींना चढतो, हाच या पद्धतीचा फायदा. गर्दीतील प्रत्येकाला रंग चढला असता तर काहीच दिसले नसते.

१८८७ मध्ये माद्रिदमधील लुईस सिमारो यांच्याकडे काहाल यांनी अशा काचपट्ट्या प्रथम पाहिल्या आणि ते थक्क झाले. पद्धत प्रसिद्ध होऊन १४ वर्षे उलटली होती, पण ती लहरी असल्याने फार थोडे लोक ती वापरत. कधी रंग चढे, कधी नाही. त्याच वर्षी बार्सिलोनाला बदली झाल्यावर काहाल यांनी तिच्यात दोन सुधारणा केल्या. रंग देण्याची क्रिया दोनदा केली आणि प्रौढ मेंदूऐवजी पिलांचे आणि गर्भातील प्राण्यांचे ऊतक घेतले. घनदाट जंगलात एकेक झाड वेगळे पाहता येत नसेल तर रोपवाटिकेत जावे, असा हा साधा विचार होता. कोवळ्या मेंदूत तंतू आखूड असतात, त्यांच्यावर मेदाचे आवरण चढलेले नसते आणि म्हणून रंग चांगला चढतो.

पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना दिसले की तंतू दुसऱ्या पेशीला अगदी बिलगतात, तिच्याभोवती टोपलीसारखे विणले जातात, पण तिच्यात मिसळत नाहीत. याचा अर्थ प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. मे १८८८ मध्ये त्यांनी हा शोध स्वतः सुरू केलेल्या नियतकालिकात छापला. खर्च खिशातून केला. अंक छापले फक्त ६० आणि त्यातील बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवले. स्पॅनिश वाचणारे तिकडे कोणी नव्हते, त्यामुळे उत्तर आले नाही.

मग १८८९ मध्ये ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचना संस्थेच्या सभेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी एकेका शास्त्रज्ञाला मायक्रोस्कोपपाशी आणले. त्या काळचे दिग्गज अल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी स्वतः पाहिले आणि ते काहाल यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे क्योलिकर यांनी या कामासाठी उतारवयात स्पॅनिश शिकून घेतली. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले.

वाढणाऱ्या तंतूच्या टोकाशी काय दिसले?

चेतापेशीला दोन प्रकारचे फाटे असतात. एक लांब जाणारा अक्षतंतू, म्हणजे अॅक्सॉन. बाकीचे आखूड आणि झाडासारखे फुटलेले, त्यांना वृक्षिका किंवा डेंड्राइट म्हणतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकच अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो, तर ज्या पेशीतून तो निघतो ती मिलिमीटरचा छोटासा अंश असते. एवढा लांब तंतू नेमक्या ठिकाणी पोहोचतो कसा?

१८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील मेरुरज्जू पाहताना काहाल यांना वाढणाऱ्या अक्षतंतूच्या टोकाशी शंकूसारखा फुगवटा दिसला. त्यातून बारीक काटे फुटलेले होते. त्यांनी त्याला वाढीचा शंकू म्हटले. आज तो ग्रोथ कोन म्हणून ओळखला जातो. हा शंकू मऊ, पण जोरदार असतो, वाट चाचपत आणि अडथळे बाजूला सारत पुढे जातो, हे त्यांनी ताडले. विशेष म्हणजे त्यांच्यासमोर होती ती मेलेली आणि रंगवलेली पेशी. हालचाल त्यांनी पाहिलीच नव्हती. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील ऊतक काचेखालच्या थेंबात जिवंत ठेवले आणि हा शंकू खरोखर सरकताना पाहिला.

शंकूला वाट कोण दाखवते, यावरही काहाल यांनी १८९२ मध्ये तर्क मांडला. जिथे पोहोचायचे तिथल्या पेशी काही रसायने सोडतात आणि शंकू त्यांच्या दिशेने वळतो. अशी रसायने सापडायला पुढचे शतक उजाडले, पण तर्क बरोबर निघाला.

एकेरी वाहतुकीचा नियम काय सांगतो?

पेशी सुट्या आहेत, तर संदेश कोणत्या दिशेने जातो? वीज मोजण्याचे साधन काहाल यांच्याकडे नव्हते. त्यांनी डोळ्याचा पडदा आणि नाकातील वासाच्या पेशी निवडल्या. कारण इथे संदेश बाहेरून मेंदूकडे जातो, हे आधीच ठाऊक होते. या दोन्ही ठिकाणी वृक्षिका बाहेरच्या जगाकडे आणि अक्षतंतू मेंदूकडे तोंड करून असल्याचे दिसले. यावरून १८९१ मध्ये त्यांनी नियम मांडला: संदेश वृक्षिकांतून आत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो. इलेक्ट्रॉनिक्समधील डायोड जसा वीज एकाच दिशेने जाऊ देतो, तशी चेतापेशी. या नियमाला गतिक ध्रुवीकरणाचा नियम म्हणतात.

नियमाला अपवाद होते आणि ते काहाल यांना ठाऊक होते. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशींना अक्षतंतूच नसतो. त्या पेशींना अमॅक्राइन हे नाव त्यांनीच दिले. १८९७ मध्ये त्यांनी नियमात दुरुस्तीही केली. तरी मुख्य गाभा टिकला. त्यांनी आकृत्यांत काढलेले छोटे बाण आजही पाठ्यपुस्तकांत दिसतात.

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. स्टॉकहोममध्ये दोघे प्रथमच समोरासमोर आले. गोल्जी यांनी भाषणात काहाल यांच्या सिद्धांतावरच टीका केली आणि सलग जाळ्याची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपले पुरावे मांडले. ज्याच्या पद्धतीमुळे सत्य दिसले, त्याच्याच गळी ते उतरले नाही, अशी ही विचित्र जोडी होती. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट दाखवली आणि वाद मिटला. तोवर दोघेही हयात नव्हते.

फाटा अक्षतंतू होणार की वृक्षिका, हे कोण ठरवते?

काहाल यांनी दिशा दाखवली, पण ती ठरते कशी हे त्यांच्या साधनांच्या पलीकडचे होते. १९८८ च्या सुमारास या उत्तराचे दोन धागे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सापडले.

पहिला धागा काचेच्या बशीत होता. उंदराच्या मेंदूतील चेतापेशी बशीत वाढवली की तिला आधी चार-पाच सारखेच आखूड फाटे फुटतात. सुमारे दीड दिवसाने त्यातील एक अचानक भराभर वाढू लागतो. तोच अक्षतंतू होतो, बाकीचे मागे राहून वृक्षिका बनतात. हा वाढलेला फाटा पेशीच्या जवळ कापला तर उरलेल्यांपैकी दुसरा एखादा त्याची जागा घेऊ शकतो. म्हणजे सुरुवातीला संधी सर्वांना असते. निवड नंतर होते.

दुसरा धागा मातीत राहणाऱ्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत होता. या कृमीची फलित पेशी पहिल्यांदा विभागते तेव्हा दोन भाग असमान होतात. केनेथ केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांना असे जनुक सापडले, जे बिघडले की ही वाटणी चुकते. वाटणी बिघडवणारी म्हणून त्यांना ‘पार’ जनुके हे नाव मिळाले. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीला पुढचे आणि मागचे टोक देतात.

त्यांचे काम दोन गटांच्या रस्सीखेचीसारखे चालते. पार-३, पार-६ आणि एपीकेसी हे विकर एका टोकाला ठाण मांडतात. पार-१ दुसऱ्या टोकाला असते. एपीकेसी पार-१ ला आपल्या हद्दीतून हुसकावते आणि पार-१ पार-३ ला आपल्या हद्दीत टिकू देत नाही. एकदा थोडासा फरक पडला की तो वाढत जातो आणि पक्का होतो. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना यात फ्लिप-फ्लॉप सर्किट ओळखू येईल. दोन बाजू एकमेकींना दाबतात आणि शेवटी एकच चालू राहते.

२००३ मध्ये कॅलिफोर्नियातील साँग-हाय शी, लिली जान आणि यू-नुंग जान यांनी हे दोन धागे जोडले. बशीतील चेतापेशीत पार-३ आणि पार-६ नेमक्या अक्षतंतू होणाऱ्या फाट्याच्या टोकाशी, म्हणजे काहाल यांच्या शंकूतच गोळा झालेली दिसली. ही प्रथिने मुद्दाम पेशीत सगळीकडे पसरवली तेव्हा पेशीची दिशाच हरवली.

शंकूत ही प्रथिने काय करतात? पेशीच्या आत धाग्यांचे दोन सांगाडे असतात. शंकूच्या कडेला अॅक्टिनची दाट जाळी आणि मागून येणाऱ्या सूक्ष्मनलिकांचे ताठ दांडे. निवडलेल्या फाट्यात पीआय-३ कायनेज हे विकर जास्त सक्रिय असते. पेशीतील हमालासारखी काम करणारी काइनेसिन प्रथिने पार-३ ला टोकापर्यंत वाहून नेतात. तिथे पार गट काही स्विच चालू करतो, अॅक्टिनची जाळी सैल होते आणि सूक्ष्मनलिका पुढे घुसतात. फाटा लांबतो. लांबला की तिथे आणखी माल येतो आणि तो आणखी लांबतो.

चित्र इतके सोपेही नाही. २००४ मध्ये फळमाशीवरच्या अभ्यासात पार-३, पार-६ आणि एपीकेसी नसतानाही अक्षतंतू तयार झाले. उंदरांत मात्र त्याच कुटुंबातील एलकेबी-१ (कृमीतील पार-४ चे भावंड) मेंदूच्या बाह्यपटलातून काढून टाकले की तिथल्या पेशींना अक्षतंतू फुटत नाहीत, असे २००७ मध्ये दिसले. निसर्गाने एकाच कामासाठी एकापेक्षा जास्त कुलपे ठेवली आहेत, एवढे यातून निश्चित होते.

आपल्याकडेही या प्रश्नावर काम चालते. पुण्याच्या आयसर संस्थेत वाढीच्या शंकूतील अॅक्टिनचा, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अक्षतंतूच्या आतील मालवाहतुकीचा अभ्यास होतो. त्यातील मुंबईचे काम ‘पार’ जनुके सापडली त्याच कृमीवर चालते.

हाताची नस जुळते, मग मेरुरज्जू का नाही?

मनगटाजवळची चेता कापली गेली आणि शस्त्रक्रियेने नीट जोडली तर अक्षतंतू पुन्हा वाढतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे १५ ते १८ सेंटीमीटर अंतर कापायला पाच-सहा महिने लागतात. म्हणूनच डॉक्टर घाई करू नका म्हणतात. मेरुरज्जू दुखावला तर मात्र तंतू थोडे फुटतात आणि थबकतात.

काहाल यांनी याचाही अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९१३-१४ मध्ये दोन खंडांत तो प्रसिद्ध केला. प्रौढ मेंदू आणि मेरुरज्जूतील मार्ग ठरून गेलेले असतात आणि तिथे नवे काही उगवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्यांनी दार पूर्ण बंद केले नाही. हे बदलता आले तर ते भविष्यातील विज्ञानाचे काम, असे त्यांनी नमूद केले. त्याला आधारही होता. १९११ मध्ये त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी सशाच्या मेंदूत पायाच्या चेतेचा तुकडा बसवला होता आणि मेंदूतील तंतू त्यात शिरले होते. म्हणजे पेशीची क्षमता पूर्ण संपलेली नव्हती. आजूबाजूची जागा तिला अडवत होती. सत्तर वर्षांनी, १९८१ मध्ये, माँट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्टो अग्वायो यांनी उंदरांच्या मेरुरज्जूत अशाच प्रयोगाने हे पक्के केले.

आज दोन अडथळे ओळखले गेले आहेत. एक बाहेरचा: जखमेवर धरणारा व्रण आणि मेदाच्या आवरणातील वाढ रोखणारी प्रथिने. दुसरा आतला: प्रौढ पेशी वाढीचे यंत्र मंद करते. पीटेन हे प्रथिन पीआय-३ कायनेजवर ब्रेक लावते. २००८ मध्ये उंदरांच्या डोळ्यातील पेशींतून ते काढले तेव्हा दुखावलेल्या दृष्टिचेतेतील तंतू पुन्हा वाढू लागले. पण पीटेन आणि एलकेबी-१ दोन्ही शरीराला कर्करोगापासूनही वाचवतात. हा ब्रेक माणसात काढणे सोपे नाही, ते यामुळेच. शिवाय तंतू नुसता वाढून भागत नाही. तो योग्य दिशेने आणि योग्य पेशीपर्यंत गेला पाहिजे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही. स्टेम सेलची इंजेक्शने देऊन पाय चालते करण्याच्या जाहिराती दिसल्या तर सावध राहावे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताशी संबंधित ठरावीक आजार सोडले तर असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणे अयोग्य आहे. त्यासाठी शेत विकण्याची वेळ कोणावर येऊ नये. अपघातग्रस्ताला हात-पाय धरून उचलण्याऐवजी मान आणि पाठ सरळ ठेवून हलवणे, लवकर रुग्णालयात नेणे आणि नंतर चिकाटीने फिजिओथेरपी करणे, यांनी मात्र फरक पडतो.

अखेरची वर्षे

१९२२ मध्ये काहाल प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, पण काम सुटले नाही. १९३० मध्ये सिल्वेरिया गेल्या. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी काहाल यांचे निधन झाले. त्यांच्यामागे हजारो चित्रे उरली. रंगाऱ्याने नापास केलेल्या त्याच हाताने ती काढली होती. त्या चित्रांतील शंकूच्या टोकाशी पार-३ दिसत नाही, दिसणे शक्यही नव्हते. पण ते प्रथिन कुठे शोधायचे, ती जागा त्यांनी शंभर वर्षे आधी काढून ठेवली होती.